दोन बोटं कमी

माझ्या धाकट्या बहिणीला, रत्नमालेला, पोलिसात जायचं होतं. दुर्गच्या भरतीत ती सगळ्या पोरींच्या पुढे पळाली, पण उंची मोजायला उभी राहिली आणि दोन बोटं कमी पडली. तिथे नाव खोडलं तेव्हा रडली नाही. गाडीतून आमच्या भिलाई-३ स्टेशनला उतरली, ड्यूटीवरच्या बाबांना बघितलं आणि भर प्लॅटफॉर्मवर हमसून हमसून रडली. बाबा तिथेच रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचे. पुढची भरती दिवाळीनंतर होती आणि वय बघता तिच्यासाठी तीच शेवटची.

बाबांचे दोस्त दयारामकाका म्हणजे न विचारता सल्ला देणारा माणूस. "कवडूभाऊ, पोरीले दोरीवर कुदव," ते म्हणाले. "माहा भाचा असाच कुदून कुदून वाढला." हा भाचा आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता. पण बाबांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून दोरी आणली, दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीची रेघ ओढली आणि रत्ना क्वार्टरच्या सिमेंटच्या अंगणात उड्या मारू लागली. सकाळ-संध्याकाळ, अनवाणी.

थोड्याच दिवसांत तिच्या नडग्या दुखायला लागल्या. आधी उड्या मारताना, मग चालताना, मग नुसतं पडल्या पडल्यासुद्धा. आई मिठाच्या पुरचुंडीने शेकायची आणि बाबांवर डाफरायची, "पोरगी लंगडून राहिली, अन् तुमचं आपलं कुदव कुदव चालूच!"

"अवो, हाड वाढते तवा दुखतेच," बाबा म्हणायचे. "दुखून राहिलं म्हंजे वाढून राहिलं." ही डॉक्टरकी त्यांना कुणी शिकवली, ते वेगळं सांगायला नको.

एका सकाळी रत्नाने दोरी फेकून दिली. "मले नाही जमत आता, बाबा."

बाबांनी दोरी उचलून खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ ओढली. मागच्या रेघेपेक्षा चांगली एक बोट वर! रत्ना दोन्ही नडग्या धरून खाली बसली आणि हसत सुटली.

पुढे कळलं ते आत्ताच सांगून टाकते. आम्ही कुणी घरात नसताना बाबांनी जुनी रेघ पुसून खाली ओढली होती. पोरीचा धीर सुटू नये म्हणून. माझे बाबा जन्मात कुणाशी खोटं बोलले नव्हते, आणि बोलले ते हे.

त्यानंतर रत्ना दुप्पट कुदायला लागली. पाय दुखला की आता ती खूश व्हायची. "ताई, आज लय दुखून राहिलं," असं मला कौतुकाने सांगायची.

दिवाळी तोंडावर आली असताना ती अंगणात मटकन बसली आणि उठेना. बाबांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेलं. मी मागून तिला धरून चालत होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "हड्डी में दरार है. प्लास्टर लगेगा. दौड़ना-कूदना सब बंद." दोरीचं ऐकल्यावर ते चिडलेच. "इस उम्र में कद नहीं बढ़ता, बेटी. किसने कह दिया?"

"बढ़ी हूँ ना, साहब! एक उंगली!" रत्ना म्हणाली आणि बाबांकडे वळली. "सांगा ना, बाबा. तुमीच तं मोजलं."

बाबांनी मान खाली घातली. "जुनी रेघ मीच खाली केली होती, बेटा. तू दोरी फेकली, मले पाहवलं नाही."

मला बाबांचा भयंकर राग आला आणि त्यांच्याकडे बघून रडूही आलं. वाटलं, रत्ना आता ओरडेल. भरती गेली होती, पाय मोडला होता, ओरडायचा हक्कच होता तिचा. पण ती ओरडली नाही. तिने सुजलेल्या नडगीवर हात ठेवला.

"मंग इतके दिवस हे दुखून काय राहिलं होतं, बाबा?"