ऊन असलं तरी

आईने तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढली. त्यामुळे आमच्या घरी पिशवीवर आत काय आहे ते कधीच लिहिलेलं नसतं. ती कधी उघडायची ते लिहिलेलं असतं. "गोळीचं नाव वाचून कुणी बरं झालंय का?" ती म्हणायची. "कधी घ्यायची ते कळलं की झालं."

बाबांची सॅक ती अशीच भरायची. बाबा छापखान्यात यंत्रावर होते आणि वर्षातून एकदा, पानगळीच्या दिवसांत, चार दिवसांची रजा काढून एकाच डोंगरावर, वरच्या खिंडीपर्यंत जायचे. त्या दिवसांत तिथली हवा तासातासाला फिरते. सकाळी चढताना घाम, दुपारी धुकं, आणि मनात आलं तर हाडं गोठवणारा पाऊस. आई त्या डोंगरावर कधी गेली नव्हती, पण बाबांचे परत आलेले कपडे धुता धुता तिथली हवा तिला पाठ झाली होती. कुठली बनियन घामाने ओली, कुठली पावसाने, हे ती वासावरून सांगायची, आणि पुढच्या वर्षीच्या सॅकमध्ये तेवढा फरक करायची.

मला बाबांनी तीनदा बरोबर नेलं. आईला ते दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी तू." पुढच्या वर्षी माझी परीक्षा असायची, आजी अंथरुणाला खिळलेली असायची, नाहीतर दुकानात रजा नसायची. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले.

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर हवं तेवढं फिरा, डोंगर मात्र विसरा. त्यानंतरच्या रविवारी ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मला त्या खिंडीत जाऊन यायचंय. एकदाच."

"आत्ता? या हवेत?"

"मग कुठल्या हवेत? तुझे बाबा काय उन्हाळ्यात जायचे?"

मी रजा टाकली.

निघण्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं होतं. एक जाड स्वेटर मी उचलला, तो तिने माझ्या हातातून काढून घेतला. "जाड एक नको, पातळ तीन. एक काढता येतो, एक घालता येतो. आणि सुती काही नको, घाम धरून ठेवतं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मोरीतल्या बादलीने."

मोज्यांचा ढीग बघून मी म्हणाले, "आई, आपल्या दोघींचे मिळून पाय चार."

"ओले झाले की आठ होतात. ठेव गुपचूप."

ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकेक गोष्ट भरत होती, हवा दाबून काढत होती, रबर लावत होती. मग चष्मा लावून चिठ्ठ्या. लोकरी जाकिटावर 'थांबलीस की लगेच'. खजूर-चॉकलेटवर 'भूक नसतानाही'. टॉर्चवर 'उजेड असतानाच काढून ठेव'. रेनकोट सगळ्यांत वर, त्यावर 'ऊन असलं तरी वरच'. माझा फोन तिने बंद करायला लावला आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यात टाकला. थंडीत बॅटरी उतरते, तो अडचणीपुरता. हाही बाबांचाच नियम.

आणखी एक नियम होता, त्याला आमच्या घरात 'एकला पाठ' म्हणायचे. दुपारचा एक वाजला की जिथे असाल तिथे खिंडीकडे पाठ करायची आणि उतरायला लागायचं. हवा बिघडते ती खिंडीपलीकडून, आणि बहुतेक वेळा दुपारीच. म्हणूनच बाबांचं घड्याळ कायम पंचवीस मिनिटं पुढे असायचं. "मी लबाड आहे," ते म्हणायचे, "हट्टाला आलो की घड्याळाने मला फसवावं म्हणून." खरी वेळ सांगताना आम्ही तिघंही आपोआप पंचवीस वजा करायचो.

चढायच्या दिवशी सकाळी, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही रात्री उतरलो होतो त्या लॉजची मालकीण दारात उभी राहून दात घासत होती. आम्ही दोघींनी आकाशाकडे बघितलं. लख्ख निळं. "बघू नका," ती तोंडातला फेस सावरत म्हणाली. "हे सकाळचं आहे. दुपारचं वेगळं येतं."

वाट सुरू झाली तिथे आईने पर्समधून बाबांचं घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर बांधलं. पट्टा मला सैल होता. नऊ वाजून पाच. म्हणजे आठ चाळीस, मी मनात म्हटलं, लवकर निघालो की.

आई हळू चालायची, पण थांबायची नाही. पानं गळलेल्या झाडांमधून वाट वर जात होती. ऊन असं की तासाभरात आम्ही दोन-दोन थर उतरवले. झाडं संपली, दगड सुरू झाले. आता ती प्रत्येक पायरीला उजवा पाय मागून आणत होती, दुकानात शिडीवर चढायची तसा. "दुखतोय?" मी विचारलं. "दुखतोय, पण माझा आहे," ती म्हणाली.

शेवटच्या वळणावर खिंड दिसली. दोन सुळक्यांच्या मधली स्वच्छ रिकामी जागा, आणि तिथे दगड रचून केलेली कमरेएवढी भिंत. मी घड्याळ बघितलं. एकला पाच कमी.

"म्हणजे साडेबारा," मी म्हणाले. "वीस मिनिटांत पोचतो. वर बसून खाऊसुद्धा. जमलं, आई."

आईने बाटलीतलं पाणी प्यायलं. झाकण लावलं. खिंडीकडे बघितलं, इतका वेळ की मला वाटलं ती दम खातेय. मग ती पुढे निघाली. आठ-दहा पावलं. मग थांबली, आणि न वळताच म्हणाली, "एकला पाच कमीच आहेत."

"अगं, पंचवीस वजा कर ना."

"नको करू. घड्याळ बरोबर आहे." आता ती वळली. "ते बंद पडलं होतं. मी सेल घालून आणला. घड्याळवाल्याने विचारलं, ताई, वेळ बरोबर लावू ना? त्याला काय सांगणार होते? पंचवीस मिनिटं पुढे लाव, कारण आमचे हे लबाड होते? दुकानात रडू फुटलं असतं मला. हो म्हणाले."

मी पुन्हा घड्याळ बघितलं, जणू ते काही वेगळं सांगणार होतं. आकाश अजून निळं होतं. खिंडीच्या कडेला कापसाच्या बोळ्याएवढा पांढरा ढग होता, बस.

"वीस मिनिटंच तर आहेत," मी म्हणाले. "आई, तुला परत नाही येता येणार."

"माहितीये."

"तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं."

"एकटी असते तर गेलेही असते पुढे," ती म्हणाली. "तू आहेस बरोबर. चल, पाठ कर."

मी लगेच वळले नाही. ती माझ्या शेजारून खाली गेली, काठी टेकत, आणि तिने एकदाही मागे बघितलं नाही.

अर्ध्या तासात तो बोळ्याएवढा ढग आमच्या डोक्यावर होता. आधी वारा आला, मग ऊन कुणी बटण दाबावं तसं गेलं, मग पाऊस, आडवा, आणि त्यात बर्फाचे कण. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला आम्ही थांबलो. माझ्या बोटांना रबरसुद्धा ताणता येईना. आई माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये न बघता हात घालत होती आणि हवी ती पिशवी पहिल्या झटक्यात बाहेर येत होती. रेनकोट. कानटोपी. हातमोजे. माझे ओले मोजे तिने स्वतः ओढून काढले, मी लहान असल्यासारखे.

"जाकीट," ती वाऱ्यात ओरडली. "थांबलीस की लगेच!"

"घालतेय गं!"

तळाशी एक शेवटची पिशवी होती, जाड लोकरी मफलरची. मी रबर काढलं आणि चिठ्ठी हातात आली. 'खोकला आला की घाला.'

बाकी सगळ्या चिठ्ठ्यांवर मला उद्देशून 'ठेव' होतं, 'थांबलीस' होतं. ही एकच, 'घाला'. जुनी नव्हती, कागद नवा होता, शाई ताजी. टेबलापाशी बसून तिने ती सवयीने लिहिली होती, बाबांना लिहावं तशी. तिनेही बघितलं. तिचे ओठ हलले, पण वाऱ्यात काही ऐकू आलं नाही. मी मफलर तिच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळला आणि गाठ मारली. तिने मारू दिली.

त्यानंतर नुसतं उतरणं. घसरडे दगड, मग चिखल, मग झाडं. लॉजवर पोचलो तेव्हा पुरता अंधार पडायचा होता. मालकिणीने आम्हाला बघून फक्त गरम पाण्याच्या बादल्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या खिडकीतून खिंड दिसत होती, पांढरीशुभ्र, आणि वर पुन्हा तेच खोटं निळं आकाश. सगळीकडे दोरीवर, खुर्चीवर, पलंगाच्या दांडीवर कपडे वाळत होते. आईचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. ती उशीवर पाय ठेवून बसली होती.

"वर काय असतं गं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "बहुतेक वेळा नुसते ढग."

"तुझे बाबाही हेच सांगायचे. दर वर्षी. 'काही नाही गं, नुसते ढग.' मला वाईट वाटू नये म्हणून." तिने पाय जरा सरळ केला. "तेव्हाही मला कळायचं."

मी तिच्या पलंगावर जाऊन बसले.

"पलीकडे एक तळं आहे," मी म्हणाले. "खूप खाली. बाबा भिंतीला टेकून तासभर त्याच्याकडे बघत बसायचे. मला कंटाळा यायचा."

"माझं नाव काढायचे?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "तिथे ते कुणाचंच नाव काढायचे नाहीत. मी शेजारी असायचे, माझंही नाही."

आई खिडकीतून वर बघत राहिली. मला वाटलं, चुकलंच माझं.

"बरं झालं सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "पाणी कसलं? हिरवं की काळं?"

"आधी काळं. मग ऊन सरकत येतं, आणि..."

"थांब." तिने दुसरी उशी ओढून पाठीला घेतली. "हं. आता वळणापासून सांग. त्या भिंतीपर्यंत कसं जायचं?"