दोन मिनिटांच्या आत

शर्यतीची शेवटची दहा मिनिटं उरली होती आणि संघ चालवणाऱ्या ताईचा जीव टांगणीला लागला होता. गाडीत होता तिचा धाकटा भाऊ, पेशाने दातांचा डॉक्टर. या गटात प्रत्येक संघाला एक हौशी चालक ठेवावाच लागतो, आणि त्यांचा हौशी म्हणजे हाच. पण नव्या नियमाने मेख मारून ठेवली होती. यंदा ज्या हौशी चालकाची एक जरी फेरी दोन मिनिटांच्या आत होईल, तो पुढच्या हंगामात व्यावसायिक. मग याला गाडी कोण देणार? मुरलेल्या व्यावसायिकांपुढे याचा काय पाड?

पहिल्या नंबरची गाडी आता अगदी समोर होती, पण तिला गाठायचं तर फेरी दोन मिनिटांच्या आत मारावीच लागणार होती.

"वेग कमी कर, गाढवा!" ताई रेडिओवर ओरडली. "दुसरा नंबर पुष्कळ झाला. जिंकलास तर कायमचा घरी बसशील!"

इंजिनाच्या घरघरीतून भावाचा आवाज आला.

"ताई, सोमवारपासून दातच उपटायचेत गं. आज गाडी चालवू दे."

ताईने बटणावरचं बोट काढलं. मग पुन्हा दाबलं.

"पुढच्या वळणावर ब्रेक जरा उशिरा लाव, मेल्या."