पायरीवरच्या कुंड्या

कनिकानं आमचं घर बदलायला घेतलं तेव्हा चैत्र नुकता लागला होता आणि सकाळी दहालाच जालन्याचं ऊन डोळ्यात घुसत होतं. कनिका म्हणजे माझ्या नातवाची, रजतची बायको. नाशिकची. लग्न थंडीत झालं, त्यामुळे बिचारीला वाटलं असेल की सासर गार आहे.

"दादीसा, हा हॉल इतका लाल का आहे?" तिनं एक दिवस विचारलं.

लाल होता खरा. मखमली पडदे लाल, सोफा लाल, गालिचा लाल. माझ्या मुलाच्या, दीपचंदच्या लग्नात केलेलं सगळं. दीपचंदची बायको मागंच वारली, तेव्हापासून किल्ल्या परत माझ्या कमरेला आल्या. म्हणून नातसुनेला सासूही मीच आणि आजेसासूही मीच. दोन्हीकडून तिला ऐकावं लागतं.

"लाल शुभ असतं," मी म्हणाले.

"हो, पण बसलं की भाजतं."

"मंग उभी राहा."

ती हसली. मला वाटलं होतं, रुसेल. रुसणाऱ्या सुनेला सांभाळता येतं, हसणारीला जरा अवघड जातं.

दीपचंदनं आधीच सांगून टाकलं, "काय करायचं ते कर बेटा, पण खर्चा बिलकुल न्हाई." ती म्हणाली, "लागणारच नाही पप्पाजी." आणि खरंच लागला नाही, हे मला मान्य करावं लागतं.

दीपचंदचं एमआयडीसीत बियाणं साफ करून पिशव्यांत भरायचं काम आहे. मागच्या हंगामाचं साल छापलेल्या कापडी पिशव्या, बी न भरलेल्या, कोऱ्याच्या कोऱ्या, गोदामात पडून होत्या. यंदा त्या कोण घेणार? कनिकानं त्यांचा गठ्ठा टेम्पोत घालून आणला, शिवणी उसवल्या, धुतल्या आणि छापील बाजू आत घेऊन पडदे शिवले. लाल मखमल पेटीत गेली. आता ऊन आलं की पडद्यातून उलटी अक्षरं दिसतात.

"छान," मी म्हणाले. "पाहुणे आले की चहा होईपर्यंत उलटं कापूस-कापूस वाचत बसतील."

गच्चीवर तिनं चुना मारला, स्वतः, डोक्याला रुमाल बांधून. शेजारची बाई बघून राहिली होती. दाराला वाळ्याचा पडदा लावला, त्यावर दुपारी पाणी मारायचं. तेलाच्या रिकाम्या डब्यांना पांढरा रंग देऊन त्यात मोगरा आणि वेली लावल्या आणि ते डबे कंपाउंडच्या भिंतीशी ओळीनं मांडले. डबेच ते, पण ती त्यांना कुंड्या म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. माळ्यावरची माझ्या लग्नातली पितळी परात काढून तिनं घासली आणि पाणी भरून, वर फुलं सोडून हॉलच्या मधोमध ठेवली.

"फुलं तोडून टाकतेस का त्यात?"

"गळालेलीच घेते दादीसा."

एवढं तिला माहीत होतं. जैनाचीच मुलगी ती. पण नाशिकला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिथं साधू-साध्वी जिने चढून कुठं येणार?

एका दुपारी मी त्या हॉलमध्ये आडवी झाले आणि मला झोप लागली. उन्हाळ्यात दुपारची झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नाही.

मंग माझी बहीण आली.

झुंबर माझ्याहून लहान. आमचे वडील कुंभार पिंपळगावला किराणा दुकान चालवायचे. मी चौथीपर्यंत शिकले, ती सातवीपर्यंत. माझं लग्न झालं आणि तिनं दीक्षा घेतली. त्या दिवसापासून ती झुंबर राहिली नाही, महासती शीलप्रभाजी झाली. बहीण राहिली नाही, आई-बापांची मुलगी राहिली नाही. आमच्यात असंच असतं आणि असंच असावं, मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पायी फिरत फिरत ती कुठं कुठं गेली. जालन्यात शेवटची आल्ती तेव्हा रजत शाळेत होता.

या वेळी ती अंबडकडून चालत आली आणि शहरातल्या जैन स्थानकात, साधू-साध्वी मुक्कामाला असतात तिथं, उतरली. मुक्काम थोडा होता. गुडघे गेलेत, आता राजस्थानात एका जागी कायमचं राहायचं ठरलंय, असं कळलं. म्हणजे ती परत येणार नव्हती. मी जाणार न्हाई. माझे गुडघे तिच्यापेक्षा वाईट आहेत.

स्थानकात जाऊन मी वंदना केली. तोंडावर मुहपत्ती, दिसतात ते फक्त डोळे. "दया पालो," ती म्हणाली. माझ्या पुढच्या बाईला तेच म्हणाली, मागच्या बाईलाही तेच. बराबर आहे. पण मला तेवढ्यानं भागवायचं नव्हतं. माझ्या दाराशी येऊन तिनं एकदा माझ्या हातची भाकरी पात्रात घ्यावी, एवढंच मला पाहिजे होतं. लहानपणी भाकरीचा वरचा पापुद्रा ती आधी काढून खायची आणि खालचा भाग माझ्या ताटात टाकायची. मार मला बसायचा.

आता गोचरीचं कसं असतं, ते सांगते. साध्वींना जेवायला बोलावता येत नाही. त्यांच्यासाठी काही शिजवायचं नाही. त्या आपणहून येतात, घरच्यांसाठी केलेल्यातलं थोडं घेतात. आणि वाटेत कच्चं, न उकळलेलं पाणी असेल, हिरवं झाड असेल, त्याला पाय किंवा पदर लागणार असेल तर ते घर त्या दिवशी असूझतं होतं. मंग त्या काही न घेता पुढं जातात. त्यातही जीव आहे, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीची भाकरी केली. रोजच करते, माझ्यासाठी. गॅस बंद केला, हात कोरडे केले आणि स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसले. कनिकाला एवढंच म्हणाले, "आज कोणी येईल, न येईल. तू घर नीट ठेव."

इथंच चुकलं. घर नीट ठेव म्हणजे मी म्हणत होते, मधे मधे करू नको.

गल्लीच्या तोंडाशी पांढरे कपडे दिसले. झुंबर आणि बरोबर एक तरुण साध्वी. मी उठून हॉलमध्ये आले आणि पाहिलं. कनिकानं पायऱ्या धुतल्या होत्या, पाणी निथळत होतं. भिंतीजवळच्या सगळ्या कुंड्या उचलून पायरीच्या दोन्ही बाजूंना मांडल्या होत्या, वेली मधे लोंबत होत्या. परात हॉलमधून आणून उंबऱ्याशी ठेवली होती. वाळ्याच्या पडद्यावर आताच पाणी मारलेलं, टपटप गळून राहिलं होतं. आणि ती स्वतः नवी साडी नेसून, हात जोडून उभी.

घर दिसत होतं छान. लग्नातही इतकं छान दिसलं नव्हतं.

झुंबर खालच्या पायरीशी थांबली. आधी पाण्याकडं पाहिलं, मंग वेलींकडं, मंग वर माझ्याकडं. मी ताट धरून उभी. तिनं हात किंचित वर केला आणि वळली. शेजारच्या घरी गेली. तिथं तिनं काय घेतलं, ते शेजारणीनं मला संध्याकाळपर्यंत तीनदा सांगितलं.

"त्या का गेल्या?" कनिकानं विचारलं.

मी सांगितलं. कमी शब्दांत, पण शब्द निवडून. "नाशिकच्या स्वागताला घाबरून गेल्या," हेही म्हणाले. ती पांढरीफटक पडली आणि धावत कुंड्या उचलायला लागली.

"ठेव खाली," मी म्हणाले.

"आत्ता काढते दादीसा. उद्या परत येतील ना?"

"त्यांच्यासाठी काढल्या तर तो त्यांच्या माथी दोष. जसं त्यांच्यासाठी शिजवायचं नाही, तसं त्यांच्यासाठी हलवायचंही नाही. आणि झुंबर कारण विचारते. लहानपणापासून विचारते."

"मग मी काय करू?"

"काही करू नको. आधीच फार केलंस."

ती खाली बसली. रडली नाही. ओल्या पायरीवरच बसली, नव्या साडीत.

दिवस मावळायच्या आत जेवताना दीपचंदनं मार्ग काढला. व्यापाऱ्याचं डोकं. "बाई," तो मला म्हणाला, "कुंड्यांची पानं बघितलीत का? दाराशी लू लागून करपायलीत. कनिका, त्या गच्चीवर जाळीच्या सावलीत नेऊन ठेव. झाडं वाचतील. कोणी विचारलं तर हेच सांगायचं. यात खोटं काय आहे?"

"पप्पाजी, पण आपण तर—"

"पानं करपली का न्हाई?"

"करपलीत."

"मंग झालं."

कनिकानं माझ्याकडं पाहिलं. मी भाजी वाढून घेत होते. दुसरा दिवस झुंबरचा जालन्यातला शेवटचा होता, हे तिघांनाही माहीत होतं.

अंधार पडायच्या आत कनिकानं एकेक कुंडी गच्चीवर नेली. रजतला हात लावू दिला नाही. परात पुसून आत ठेवली. सकाळी पायऱ्यांना पाणी नाही, पडद्याला पाणी नाही. दार उघडं, कोरडं, भुंडं.

मी भाकरी केली आणि ताट घेऊन उभी राहिले. आज पाट घेतला नाही.

झुंबर आली. तशीच हळू, एका पायावर जोर देत. खालच्या पायरीशी आली, कोरडी पायरी पाहिली, एक पाय वर ठेवला आणि थांबली. मला वाटलं, गुडघा दुखला.

"काल इथं झाडं होती," ती कनिकाला म्हणाली.

"हो."

"कुठं गेली?"

"गच्चीवर."

"कशासाठी?"

मी कनिकाच्या पाठीमागं होते. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त वेणी दिसत होती. सांग, लू लागत होती म्हणून, असं मी मनात म्हणत होते. पानं खरंच करपली होती. दीपचंद घरातल्या ऑफिसच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता, त्यानं घसा खाकरला.

"पानं करपत होती," कनिका म्हणाली. "पण त्यासाठी नाही हलवली. तुमच्यासाठी हलवली."

दीपचंद आत निघून गेला.

झुंबरनं वर ठेवलेला पाय खाली घेतला. घाई न करता. कनिकाकडं ती बराच वेळ बघत राहिली, काल माझ्याकडं बघितलं त्यापेक्षा जास्त वेळ. मुहपत्तीखाली काय होतं, मला माहीत नाही. डोळ्यांच्या कडा आमच्या आईसारख्या सुरकुततात, ते तेवढं दिसलं.

"दया पालो," ती म्हणाली. कनिकाला म्हणाली. मंग माझ्याकडं वळून तेच म्हणाली आणि गेली. तरुण साध्वी तिच्या मागं. कोपऱ्यावर ऊन इतकं होतं की पांढरे कपडे आधी चमकले आणि मंग दिसेनासे झाले.

कनिका तिथंच उभी होती. मी बोलायची वाट बघत असावी. माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं. या घरात माझ्या तोंडाचा दुष्काळ कोणी कधी पाहिला नाही.

मी पाट ओढून बसले. ताटातली भाकरी गार झाली होती. वरचा पापुद्रा काढला आणि कनिकापुढं धरला.

"खा."

"तुमचं जेवण आहे ते."

"पापुद्राच देते आहे, भाकरी मीच खाणार आहे. बस."

तिनं खाल्ला. खालचा भाग मी भाजीला लावून खाल्ला. जाड झाली होती, झुंबरनं नावं ठेवली असती.

दीपचंद बाहेर यायचं धाडस करत नव्हता. दारातून झळा येत होत्या, पिशव्यांचे पडदे फुगत होते.

"कुंड्या खाली आण," मी म्हणाले. "दार भुंडं दिसतंय. आणि त्या पडद्याला पाणी मार, दुपारी मला झोपायचंय."

तिनं मान वर करून बघितलं. मंग म्हणाली, "भिंतीजवळच लावते परत. पायरी मोकळी ठेवते."

"कोणासाठी मोकळी?"

तिनं विचार केला. आता ती प्रत्येक उत्तर विचार करून देते, हा नवीनच त्रास झालाय.

"दूधवाल्यासाठी," ती म्हणाली. "काल वेलीत पाय अडकला त्याचा."

"मंग ठेव," मी म्हणाले.