चुडैलीचे तमाचे

देवरीजवळच्या आमच्या आश्रमशाळेच्या पटांगणात पालकांची जत्रा लोटली होती. वसतिगृहातल्या पोरींचे गाल एकाएकी लालभडक झाले होते, थोबाडीत दिल्यासारखे. पालकांनी आधी अधीक्षक भैय्यालाललाच धरलं, कारण त्याचा हात लगेच उठतो हे सगळ्यांना ठाऊक. या खेपेस बिचाऱ्यानं खरंच कुणाला मारलं नव्हतं, पण ऐकणार कोण? अंगावरचं बालंट झटकायला त्यानं मुन्नालालबाबाला आणलं.

"चुडैल का तमाचा है!" बाबा गरजला. चुडैल मोठी हुशार. लेकरांना मारते, भैय्यालालला सोडते.

बाबानं पोरींना धगधगत्या होमापुढे बसवलं. थोड्या वेळानं त्यांच्या दंडांवर लाल जाळी उमटली.

"देखो, चुडैल की जंजीर!"

लोकांनी हात जोडले. भैय्यालालनं सर्वांत आधी.

झामसिंगच्या लेकीचे, मंगलीचे, गाल मात्र कोरे होते. ती भिंतीला टेकून धापा टाकत होती. बाबा म्हणाला, "इसका खून पी गई. अमावस तक मेरे पास छोडो."

तेवढ्यात शाळेच्या नर्स अल्काताई सुटीवरून परतल्या. त्यांनी मंगलीची पापणी ओढून पाहिली. आत पांढरीफटक.

"झामसिंगभाऊ, पोरीले सिकलसेल आहे ना?"

"हो. पन बाबा म्हन्ते..."

"बाबाले मंग इचारा! हा एक विषाणू आहे. गाल लाल करते, बाकीच्या पोरी आपोआप बऱ्या होतीन. पन सिकलवाल्या पोरीचं रक्त आधीच लवकर तुटते, अन् हा नवं रक्त बननंच थांबवते, गालावर लाली नसली तरी. उशीर केला तं पोरगी हातची जाईन!"

"अन् ते जंजीर?"

"ह्या आजारात धग लागली का ते जाळी उमटते. बाबा कायले पायजे? चूल पुरते."

झामसिंगनं बाबाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि तिला उचलून शाळेच्या जीपकडे धावला.

मी, या पोरींचा मास्तर, इकडे होम विझवला, पोरींना सावलीत बसवलं. दुपारपर्यंत जाळी विरली. मग दोघींना उन्हात फिरवलं, तर ती पुन्हा उमटली. मंत्राविना! पालक बाबाला शोधू लागले, तो केव्हाच फटफटीवरून पसार झाला होता.

गोंदियाच्या दवाखान्यात मंगलीला रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भात मागितला, तेव्हा झामसिंग हमसून हमसून रडला. अमावास्येपर्यंत ती जगली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मला अजूनही त्या बाबाचा संताप येतो.

म्हणून सांगतो, लेकराच्या अंगावर काही उठलं की आधी दवाखाना गाठा. सिकलसेल असेल तर धावत गाठा. चुडैल कुठं पळून जात नाही, कारण ती आलेलीच नसते.