ओसरीवरचा घास

सुभद्राबाईंच्या अंगावरून वारं गेलं, त्या दिवसापासून घराची खिडकी बंद होती. फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. अशा माणसाला पुन्हा वारा लागला की उरलेली बाजूही जाते, असं कासारवाडीत सगळेच मानत. त्या अंधारात त्यांची सून शालन आत्याला, म्हणजे सासूला, भरवायची. तान्ह्याला पाजावं तसं आत्याचं डोकं मांडीवर घ्यायची, मान मागं करायची आणि चोचीच्या बोंडल्यानं पेज ओतायची. तिला दुसरी रीत माहीतच नव्हती.

आत्याला ठसका लागायचा. डोळे फिरायचे, ओठ काळेनिळे पडायचे. शालन नुसती "आत्या, आत्या" करत पाठ चोळत राहायची. नवरा, सयाजी, पिंपरीच्या नव्या कारखान्यात शिफ्टला. पाळण्यात पोर. एक दिवस आपल्याच हातच्या घोटानं आत्या जाणार आणि गाव म्हणणार, सुनेनं मारली. हे तिनं सयाजीलाही सांगितलं नव्हतं. भीतीपायी ती पेज कमी कमी करत गेली. आत्याच्या गालांची हाडं वर आली.

एकदा विहिरीवरून येताना तिला आळीतल्या मंजुळाबाईंची खिडकी दिसली. भर उन्हाळ्यात बंद, फटीत लुगड्याचा तुकडा. मंजुळाबाईंचे मालक, चिमाजी, लेकीकडं गेलेत असं त्यांनीच आळीत सांगितलं होतं. शालननं हंडा खाली ठेवला आणि कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी शालन, सयाजीची."

"कामात हाय. मंग ये."

"काकू, आत्याला भरवायचं मला भ्या वाटतं."

मग दार वीतभर उघडलं.

चिमाजी बाजेवर होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. मंजुळाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "लोकं म्हनतील, कायतरी पाप केलं आसंल. म्हून दडवलं." मग शालननं भरवायची रीत सांगितली, तशी त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ते काय तान्हं हाय? माझ्या हातनं बी आडवं पाजताना हे जातच हुते. बसवायचं, हनुवटी खाली धरायची, पेज घट्ट करायची. पर येकटीला बसवत न्हाई. मी तर बाजंला बांधते त्यास्नी."

"मला बी न्हाई बसवत."

मग मंजुळाबाईच म्हणाल्या, "ह्यांची डावी बाजू गेली, तुझ्या सासूची उजवी. दोगं मिळून येक धड मानूस व्हतंय. तिला घिऊन ये माझ्या ओसरीवर, दोगी मिळून बसवू."

सयाजीनं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "उघड्यावर? वारा लागला म्हंजी?"

"लागला तर मीच घालवली म्हना," शालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी त्यानं आईला घोंगडीत गुंडाळून आळीतून उचलून नेलं. दारादारांतून माणसं बघत होती. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला घराभायेर काढली वाटतं." शालननं मान वर केली नाही.

ओसरीवर मंजुळाबाई आत्याच्या पाठीशी बसल्या, दोन्ही हातांनी तिला सावरून. चिमाजी भिंतीला टेकून एकटक बघत होते. शालननं घट्ट पेजेचा चमचा पुढं केला. आत्यानं तोंडात घेतला, आणि तिला ठसका लागला.

शालनच्या हातून चमचा खाली पडला.

"पाठ चोळू नगं," मंजुळाबाई म्हणाल्या. "म्होरं वाकीव. खोकू दे तिला."

आत्या खोकली. पुन्हा खोकली. मग गिळताना तिच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. चिमाजींच्या तोंडातून आवाज आला. हसू होतं की रडू, कळलं नाही.

अंगणाच्या कडेला पलीकडच्या आळीतल्या विमलबाई येऊन उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"आमच्या मामंजींना पोळ्यापास्नं आसंच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "कुनाला सांगितलं न्हाई. लई जड हायत. धरायला किती जनी लागतील?"

शालननं चमचा उचलून पदरानं पुसला, भरला, आत्याची हनुवटी खाली धरली आणि त्या गळ्यावरची नजर न हलवता दुसरा घास पुढं केला.