सात नंबरचे लाड

लेकीला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा आईने चारचौघांत कौतुकाने सांगितलं होतं, की आमची मुलगी रक्तवाहिन्या बनवते. त्यावर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याने विचारलं, "अगोबाई, मग आहेत त्यांना काय झालं?" या नणंद-भावजयींची चुरस तशी लग्नापासूनची. पण ती एक दिवस थेट इनक्युबेटरमध्ये जाऊन बसेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

झालं असं, की लॅबला धडधाकट माणसांचं थोडं रक्त हवं होतं. त्या रक्तातल्या पेशींना चुचकारून पुन्हा मूळ पेशी करायचं, म्हणजे मोठेपणी कोण व्हायचं हे अजून न ठरवलेल्या पेशी. मग त्यांच्यापासून रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर वाढवायचं. लेकीने घरी नुसता विषय काढला, तर दोघीही नवी चप्पल घालून तयार. परत आल्यावर आत्या वर गेली न गेली तोच आईने सांगून टाकलं, "वन्सं दारातच थबकल्या गं! शेवटी मीच आधी आत गेले. सुई टोचली तरी हूं नाही की चूं नाही."

लॅबमधल्या नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात. कोणतं रक्त कोणाचं हे काम करणाऱ्याला कळू नये असा नियम आहे, आणि तो शहाण्या माणसांनी केला आहे. पण त्या दिवशी रक्त देणाऱ्या दोघीच, आणि नळ्या सात आणि आठ. आई आधी गेली, म्हणजे आई सात नंबर. लेकीने मुद्दाम काही विचारलं नव्हतं. पण कळलं ते विसरायचं कसं, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आणि नेमकी पुढे काही महिन्यांनी आईला ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली. तेव्हापासून ती स्वतःला मोडीत काढलेलं सामान समजायला लागली. जिना चढताना थांबायची आणि म्हणायची, "पाइपलाइन गंजली आता." लेकीला ते ऐकवत नसे. त्यात लॅबच्या सरांनी सांगितलं, की सात आणि आठपैकी जिच्या शुद्ध पेशी नीट वाढतील तीच पुढच्या कामाला घ्यायची, दुसरी फ्रीझरच्या तळाशी. लेकीने मनाशी ठरवून टाकलं. आईला घरी येऊन सांगायचंच, की तुझ्या रक्तवाहिन्या पहिल्या आल्या.

काम मात्र महा किचकट. मूळ पेशींना कितीही शिकवलं तरी सगळ्याच काही ऐकत नाहीत. निम्म्याअर्ध्या रक्तवाहिनीच्या होतात, बाकीच्या मनाला येईल ते होतात. मग त्यात बारीक लोखंडी मणी सोडायचे. ते फक्त रक्तवाहिनीच्या पेशींनाच चिकटतात. सगळं मिश्रण चुंबकातून जाऊ दिलं, की मणीवाल्या पेशी अडकून राहतात आणि बाकीच्या वाहून जातात.

"म्हणजे तांदूळ निवडायचे," आई म्हणाली.

"हो. फक्त आमच्याकडे खडे तांदळापेक्षा भराभर वाढतात."

आठ नंबरच्या पेशी तिने रीतसर एकदा चुंबकातून काढल्या, डिशमध्ये ठेवल्या आणि इनक्युबेटरच्या, म्हणजे पेशींच्या उबदार कपाटाच्या, खालच्या फळीवर सरकवून दिल्या. सात नंबरची गोष्ट वेगळी. आईच्या पेशींत एकही आगंतुक नको म्हणून त्या तिने चुंबकातून दुसऱ्यांदा काढल्या, आणि मन भरेना म्हणून तिसऱ्यांदा. दरवेळी आगंतुकांबरोबर चार घरच्याही वाहून गेल्या. शेवटी उरल्या त्या इतक्या शुद्ध आणि इतक्या थोड्या, की भल्यामोठ्या डिशमध्ये एकीला दुसरी दिसायची नाही. या पेशींना शेजार लागतो. हे लेकीला चांगलं ठाऊक होतं, इतरांना ती ते शिकवतही असे. पण मायेपुढे कोणाचं चालतं?

त्यातून तिला दम निघेना. चहाला जाताना डिश काढून मायक्रोस्कोपखाली बघ, चहाहून येताना बघ. बिचाऱ्या उबेला टेकतात न टेकतात तोच पुन्हा गार उजेडात. संध्याकाळी आई विचारायची, "कशा आहेत माझ्या?" आणि लेक म्हणायची, "रुळताहेत."

सात नंबर शेवटी रुळल्याच नाहीत. गोल गोल होऊन तरंगायला लागल्या, म्हणजे आटोपलंच. आणि खालच्या फळीवरच्या आठ नंबर? त्या फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना खेटून पसरल्या होत्या. तपासल्या तर जवळपास सगळ्या शुद्ध निघाल्या. जेलवर सोडल्या, तर भराभरा एकमेकींचे हात धरून त्यांनी बारीक नळ्यांचं सुरेख जाळं केलं. सर खूश झाले. "आठ नंबर!" लेक मायक्रोस्कोपवरून मान वर करेना, आणि सरांना वाटलं आनंदाने.

घरी आली तर दोघी चहाला बसलेल्या. आईने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

"माझ्या गेल्या ना?"

लेकीला खोटं बोलवेना. "सात नंबर गेली गं. मी खूप केलं तिचं. आत्या, तू जिंकलीस. आठ नंबर."

आत्या काही उड्या मारेना. "पण आधी तर मी गेले होते," ती म्हणाली. "वहिनी सुई बघून पांढरीफटक पडली. बाहेरच्या बाकावर बसवून पाणी पाजलं, मग माझं झाल्यावर तिचा हात धरून आत नेलं. म्हणजे सात तर मी."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शूरपणा सोडावा तर जिंकली, आणि धरून ठेवावा तर रक्तवाहिन्या गंजलेल्याच. तिने बिस्किट बुडवलं. ते तुटून कपात पडलं तरी तिला कळलं नाही.

"मला सुईची भीती वाटते," ती शेवटी म्हणाली. "लहानपणापासून. आठ मीच."

लेकीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. मग सगळं सांगितलं: तीनदा चुंबक, सारखं बघणं, खालची फळी, सगळं. उद्या सरांनाही हेच सांगावं लागणार होतं, आणि सात नंबरची फ्रीझरमध्ये राखलेली कुपी काढून दोघींना सारखं वागवत पहिल्यापासून करावं लागणार होतं.

आत्याने पदराने डोळे टिपले. "एवढे लाड माझे कोणी केलेच नव्हते गं."

आई मात्र वेगळाच हिशेब लावत होती. "थांब. म्हणजे तू माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस, म्हणून मी अशी वाढले?"

"हो."

"मग या वेळीही बघू नकोस," आई म्हणाली. ती उठली, कप उचलून ओट्यावर ठेवले, आणि आत्याला वरपर्यंत सोडायच्या निमित्ताने अख्खा जिना न थांबता चढून गेली.