मामंजींची संमती

मालकीणबाईंचं एक ठाम तत्त्व होतं: पावाला पक्ष नसतो. बेकरीत कोणी नगरपालिकेचा विषय काढला की त्या म्हणत, "ते बाहेर. इथे गरम पाव आणि गार डोकं." निवडणुकीत दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते त्यांच्याकडूनच पाव नेत. राजकारणाशी त्यांचा संबंध एवढाच, आणि याचा त्यांना अभिमान होता.

म्हणून नगरपालिकेचा कारकून पाव घ्यायला आला आणि "अभिनंदन, तुमचा नियम उद्या मंजूर होतोय," म्हणाला, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"माझा कसला नियम?"

"भट्ट्यांचा. सकाळी सातच्या आत पेटवायची नाही. धूर, भाजायच्या पत्र्यांचा खडखडाट. लोकांची झोपमोड होते ना."

सातला पेटवलेली भट्टी नीट तापायलाच नऊ. मग भाजणी. म्हणजे गावाने न्याहारी उरकून हात धुतले की यांचा पाव तयार! शिवाय रात्री मळलेलं पीठ कायद्याची वाट बघत नाही. ते त्याच्या वेळेला फुगतं, आणि थांबवलं तर आंबट होऊन बसतं.

"मग मी पाव विकू कोणाला? कावळ्यांना?"

"आता विचारताय? सुनावण्या झाल्या की, उद्या नऊला शेवटची. बेकरीवाल्यांची संमती आहे."

"कोणी दिली?"

"तुमच्याच मामंजींनी. दर वेळी पहिल्या रांगेत असतात. अध्यक्षांनी विचारलं, बेकरीवाल्यांचं काही म्हणणं? त्यांनी मान डोलावली. चांगली दोनदा."

मामंजी म्हणजे त्यांचे सासरे. दुकान सुनेच्या हाती दिल्यापासून ते रोज सकाळी "गावाचा कारभार बघायला" जात आणि अगदी ताजेतवाने होऊन परतत. त्या दिवशीही तसेच परतले.

"मामंजी, सभेत तुम्ही काय करता?"

"ऐकतो."

"डोळे मिटून?"

"डोळ्यांनी कुठे ऐकायचं असतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिथला एसी फार छान आहे गं. उभा जन्म भट्टीशेजारी भाजून निघालो मी."

"तुम्ही पेंगता आणि ते संमती धरतात!"

"मग तू येत जा की. रिकाम्या खुर्चीपेक्षा पेंगणारा म्हातारा बरा. निदान गावात बेकरी आहे एवढं तरी त्यांना कळतं."

शेजारच्या न्हाव्याने तर जखमेवर मीठच चोळलं. "वहिनी, माझ्या खुर्चीत महिनाभर हीच चर्चा होती. पण तुम्हीच म्हणता ना, ते बाहेर."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुनावणीला निघताना मालकीणबाईंनी कपाटातून मानेचा पट्टा काढला. मागे मामंजींची मान लचकली होती तेव्हाचा.

"आता दुखत नाही गं मान."

"दुखायला नकोच. हलायलाही नको."

सभागृह खरंच गारेगार होतं. मामंजींनी पहिल्या रांगेत बसून समाधानाने डोळे मिटले. पलीकडे पावाचा कारखानदार. त्याचा कारखाना गावाच्या हद्दीबाहेर, आणि पाव प्लास्टिकच्या पिशवीत गाडीने येणारा. झोपेवाचून नागरिकांचे कसे हाल होतात हे त्याने इतक्या गहिवरून सांगितलं की एका सदस्याला जांभई आली.

"बेकरीवाल्यांचं काही म्हणणं?" अध्यक्षांनी सवयीने मामंजींकडे पाहिलं.

मामंजींची मान खांबासारखी ताठ. कारकुनाचं पेन अधांतरी थांबलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. संमतीच येईना म्हटल्यावर पुढे काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मालकीणबाई उभ्या राहिल्या. "आहे म्हणणं. साहेब, तुमच्या बशीतला पाव माझ्याकडचा आहे. नियम लागू असता तर आत्ता तो पीठ असता."

घास घेणारा एक सदस्य मध्येच थांबला.

"आमचा पाव आठवडाभर मऊ राहतो," कारखानदार म्हणाला.

"राहतो ना. म्हणून तुम्हाला तो ताजा असावा लागत नाही. पण दादा, तुमची भट्टी हद्दीबाहेर, नियम हद्दीच्या आत. तुमच्या कारखान्याशेजारची माणसं झोपत नाहीत का?"

मागच्या रांगेत कोणीतरी खो खो हसलं. त्या हसण्याने मालकीणबाईंना धीर आला. "पत्र्यांखाली रबर लावते, चिमणी छताच्या वर नेते. तेवढं खरं आहे लोकांचं. पण वेळ माझ्या पिठाला ठरवू द्या."

बरीच कुजबुज झाली. अखेर साताचे चार झाले, आणि चिमणी त्यांच्या खर्चाने. कारखानदार मोबाईल कानाला लावून तरातरा बाहेर पडला.

गावाची न्याहारी वाचली. मालकीणबाईंनी पिशवी उचलली. बेकरीत गिऱ्हाइकं खोळंबली असतील.

"पुढचा विषय," अध्यक्ष म्हणाले, "केशकर्तनालयांतले रस्त्याकडचे आरसे काढून टाकणे. वाहनचालकांच्या डोळ्यांवर उजेड पडतो. न्हाव्यांचं काही म्हणणं?"

सभागृहात एकही न्हावी नव्हता. ते बाहेर, म्हणत असेल तोही. अध्यक्षांची नजर सवयीने पहिल्या रांगेकडे गेली. पट्टा टोचतो म्हणून मामंजींनी तो केव्हाच काढून मांडीवर ठेवला होता आणि त्यांची मान सावकाश खाली येत होती. कारकुनाने पेन टेकवलं.

मालकीणबाईंनी एका हाताने मामंजींची हनुवटी धरली आणि दुसरा हात वर केला.